न दिसणारा उजेड

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

जमलं! काल दुपारी जमलं एकदाचं!

तू विचारलं होतंस, एवढी शिकलीस, आता नेमकं करतेस काय? बाबांना सांगून सांगून मी दमले. त्यांना अजूनही वाटतं की मी फ्रिज दुरुस्त करते. तुला मात्र नीट सांगते.

आमच्या लॅबमध्ये स्टीलचं एक प्रचंड टेबल आहे. त्याच्या मधोमध काचेची डबी, आतली सगळी हवा काढून टाकलेली. त्यात एका धातूची चिमूटभर वाफ सोडायची. वाफेतले अणू तुझ्या गाडीच्या कितीतरी पट वेगाने सैरावैरा पळत असतात. ही पळापळ म्हणजेच उष्णता. पळणं थांबलं की झाले थंड. पण थांबवायचे कसे? भांड्यात ठेवले तर भांडंच त्यांना गरम करणार. म्हणून सहा बाजूंनी लेझरचा उजेड सोडतात. उजेडही ढकलतो, आत्या, अगदी हलकेच. त्याचा रंग असा जुळवायचा की जो अणू त्याच्या अंगावर धावून येईल, नेमका त्यालाच धक्का बसावा. गर्दीत समोरून येणाऱ्याचा खांदा लागतो ना, तसा. असे हजारो खांदे लागले की बिचारा जागीच रेंगाळतो. मग दुसरा लेझर, फार जोरकस. तो सगळा सुईच्या टोकाएवढ्या जागेत गोळा करायचा आणि त्या टोकात हे थंड अणू धरून ठेवायचे. चिमटाच म्हण. काल आमच्या चिमट्यात पहिल्यांदा अणू टिकले. पडद्यावर एक पांढुरका ठिपका दिसला आणि सरांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

चिमट्याचा हा उजेड डोळ्यांना अजिबात दिसत नाही. एक कार्ड असतं, ते वाटेत धरलं की चमकतं, तेव्हा कळतं की इथे आहे. चष्मे आहेत, पण ते लावले की पहिल्या लेझरचा लाल उजेडही दिसेनासा होतो आणि आरसे जुळवता येत नाहीत. म्हणून सगळ्यांचे चष्मे कपाळावर. सरांचासुद्धा.

माझ्याबरोबर काम करते ती बुटकी. नाव तिनेच स्वतःला ठेवलंय, मी नाही. मी टेबलावर वाकले की माझे डोळे जिथे येतात, तिथे ती सरळ उभी राहिली तरी तिचे येतात. म्हणते, 'तुझी पाठ मोडणार, माझी नाही.' फार गोड मुलगी आहे.

उन्हाळ्यात मोठी परिषद आहे. तोवर सगळी मोजमापं हवीत, म्हणून सर पाठीशी लागलेत. तुझे कान काय म्हणतात?

तुझी भिंगरी


१२ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र दोनदा वाचलं. एकदा कौतुकाने, एकदा समजायला. दुसऱ्यांदाही अर्धंच समजलं, पण खांद्यांचं कळलं. तीस वर्षं बस चालवली, गर्दी म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको.

कान काय म्हणणार? जन्मभर इंजिनाशेजारी बसले, ते इंजिनापाशीच राहिले. डेपोत नव्या पोरांना गाडी शिकवते, तर ती समोर उभी राहून तोंडं हलवतात आणि मी अंदाजाने माना डोलावते. परवा एकाने रजा मागितली, मी म्हटलं, 'दुसरा गिअर टाक.' फोन तर मेलाच माझ्यासाठी. म्हणून म्हणते, पत्र चुकवत जाऊ नकोस.

एक सांग, चष्मा कपाळावर कशासाठी? कपाळाला डोळे आहेत का तुमच्या? मोठ्या माणसांनी असं करावं?

दादा मजेत. फ्रिजचं मी त्याला समजावते.

आत्या


१ मार्च

प्रिय आत्या,

उशीर झाला, रागावू नकोस. काम खूप आहे. मोजमापं चालू आहेत. सर सकाळी येतात ते आमच्या आधी.

तब्येत ठीक. जेवण ठीक. बुटकी ठीक.

अक्षर वेडंवाकडं आलंय, टेबल डगमगतं आमच्या खोलीतलं. आईबाबांना सांग, सुट्टीत येणं जमणार नाही.

भिंगरी


९ मार्च

भिंगरे,

टेबलाला दोष देऊ नकोस. डगमगत्या टेबलावर अक्षर हलतं, ओळ घसरत नाही. तुझी प्रत्येक ओळ अर्ध्यावर जाऊन खाली उतरलीय, आणि दोन ठिकाणी एका शब्दावर दुसरा शब्द लिहिलायस. पाचवीत टायफॉइड झाला होता तेव्हासुद्धा तुझं अक्षर असं नव्हतं.

आणि हे 'ठीक, ठीक, ठीक' काय आहे? तीन ओळींत तीनदा. मला फक्त ऐकू येत नाही, वाचता येतं.

स्पष्ट विचारते. तो तुझा सर अंगचटीला येतो का? तुम्हा दोघी पोरींना घेऊन सकाळपासून बंद खोलीत असतो म्हणतेस. लाजू नकोस. आमच्या डेपोतही असा एक होता, त्याचं काय केलं ते भेटीत सांगेन. का दुसरं कोणी आहे? का तू पिऊन लिहितेस? काहीही असलं तरी चालेल, फक्त लिही. या पत्राला उत्तर आलं नाही तर पुढच्या आठवड्यात मी तुझ्या दारात उभी असेन, आणि मला काही ऐकू येत नसल्यामुळे कोणी 'आत जाता येणार नाही' म्हटलं तरी उपयोग व्हायचा नाही.

आत्या


१६ मार्च

आत्या,

येऊ नकोस. सरांचं तसलं काही नाही, शपथ. मी पीतही नाही. सगळं सांगते, पण आधी वचन दे की आईबाबांना कळू देणार नाहीस. बाबा मला त्याच पावली घरी आणतील.

माझ्या डाव्या डोळ्यात काळा डाग आलाय. बरोबर मध्ये. जिकडे बघेन तिकडे तो आधी जातो.

फेब्रुवारीच्या शेवटची गोष्ट. दुपार होती. मी टेबलावर वाकून एक आरसा जुळवत होते, चष्मा कपाळावर. काहीच झालं नाही, आत्या. दुखलं नाही, चमकलं नाही, पापणीसुद्धा लवली नाही. दिसत नाही त्या उजेडाला पापणी कशाला लवेल? काम संपवून पडद्यावरचा आकडा वाचायला गेले तर मधलाच आकडा नाही. मला वाटलं पडदा बिघडला. मान हलवली तर आकडा परत आला आणि शेजारचा गेला. मग मी उजवा डोळा मिटून बुटकीकडे पाहिलं. तिचे केस होते, कान होते, हनुवटी होती. तोंडाच्या जागी भोक. ती विचारत होती, 'काय गं, अशी काय बघतेस?' आणि बोलणारं तोंड मला दिसत नव्हतं.

डॉक्टरकडे गेलेले नाही. गेले तर ते विचारणार कशाने झालं, मग लॅबला कळवणार, लॅब बंद होणार, चौकशी. परिषद बुडेल. सरांची दहा वर्षं आहेत त्या टेबलावर, माझी चार. बुटकीची पदवीही अडकेल. शिवाय गेले आणि ते म्हणाले की दुसराही जाणार, तर? न विचारलेलं बरं. रोज सकाळी उठल्यावर मी आधी उजवा डोळा उघडते, छताचा कोपरा दिसतो का बघते, मग श्वास सोडते.

पण हे सगळं एकवेळ परवडलं. खरी भीती वेगळीच आहे. तो उजेड कुठून आला तेच मला सापडलेलं नाही. कुठली तरी काच, कुठला तरी स्क्रू त्याला वाट सोडून भलतीकडे फेकतोय. मी एकटी असते तेव्हा कार्ड घेऊन सगळं टेबल धुंडाळते. कार्ड चमकत नाही. चिमट्याचा लेझर सतत चालू नसतो, कॉम्प्युटर दर फेरीत तो जरा वेळच लावतो आणि पुन्हा बंद करतो. तेवढ्यात नेमक्या जागी कार्ड हवं. म्हणजे खोलीत काहीतरी सुटलेलं आहे, ते मध्येच उठतं आणि मध्येच निजतं, आणि कुठे ते मला माहीत नाही. आत गेले की मी मान खाली घालून चालते. सर म्हणाले, 'काय हरवलंय?'

बुटकीला मी टेबलापाशी येऊ देत नाही. 'तू कॉम्प्युटर बघ, इकडचं मी करते,' म्हणते. आणि मला लागलं त्या बाजूला टेबलाच्या कडेला काळा पुठ्ठा उभा केलाय. तिने विचारलं कशाला, तर म्हटलं, धूळ येते.

परिषद होईपर्यंत. तेवढंच. मग मी स्वतः जाऊन सांगेन.

तुझी भिंगरी


२२ मार्च

भिंगरे,

पत्र परवा मिळालं. बरं केलंस लिहिलंस.

वचन देते, घरात कोणाला एक अक्षर कळू देणार नाही. दादाला नाही, वहिनीला नाही.

तू घाबरू नकोस. डोळ्यांचं पुष्कळदा आपोआप बरं होतं. आमच्या एका मेकॅनिकच्या डोळ्यात वेल्डिंगची ठिणगी गेली होती, तो आता सुईत दोरा ओवतो. चष्मा लावत जा. जेवत जा. तू सांगतेस तर मी येत नाही. पण डॉक्टरकडे जा, माझ्यासाठी.

इकडे सगळं छान. नवी गाडी आलीय, निळी. सावकाश लिही. ओळी घसरल्या तरी मी वाचीन.

आत्या


२२ मार्च

साहेब,

नमस्कार. आपली ओळख नाही. तुमच्याकडे अणू थंड करणारी जी उंच मुलगी आहे, तिची मी आत्या. मला ऐकू येत नाही, म्हणून फोन केला नाही, आणि ही गोष्ट शेजाऱ्याच्या तोंडून फोनवर सांगण्यासारखी नाही. म्हणून जलद टपालाने लिहिते. हे पत्र उभ्या उभ्या वाचा.

तुमच्या त्या न दिसणाऱ्या लेझरने तिचा डावा डोळा भाजलाय. महिना होत आला. तिने तुम्हाला सांगितलेलं नाही, कारण तुमचं काम थांबेल अशी तिला भीती वाटते. तो उजेड कुठून आला ते तिला सापडलेलं नाही. म्हणजे तो अजून तिथेच आहे. तुम्ही त्याच खोलीत ये-जा करता, ती दुसरी लहानखुरी मुलगीही करते.

मला तुमचं शास्त्र कळत नाही. पण ब्रेक लागत नाही असं कळलेली गाडी मी रस्त्यावर काढली नसती, मग डेपोचा साहेब पाया पडला असता तरी. वाचून झालं की आधी मशीन बंद करा, मग रागवा. तिच्यावर रागवायचं नाही. मी तिला शब्द दिला होता आणि तो फिरवलाय, तेव्हा राग माझ्यावर काढा. पत्ता मागे आहे.

तिला डॉक्टरकडे न्या. दुसरीलाही न्या.

मी रात्रभर हेच बघते आहे की ती पोर सकाळी उठून एक डोळा उघडते. साहेब, हात जोडते.

तिची आत्या


३० मार्च

आत्या,

तू असं कसं केलंस? 'नवी गाडी आलीय, निळी.' तुझं पत्र आणि सरांना लिहिलेलं पत्र एकाच दिवशी लिहिलंस ना? सरांनी मला तारीख दाखवली. एका हाताने मला 'जेवत जा' लिहिलंस आणि दुसऱ्या हाताने हे! मी दोन दिवस तुला शिव्या घालत होते, मोठ्याने, खोलीत.

आता जे झालं ते सांगते. सांगायला दुसरं कोणी नाही.

मंगळवारी सकाळी सर दारातून आत आले. कोट अंगावरच, हातात कागद. थेट भिंतीपाशी गेले आणि मुख्य खटका खाली पाडला. सगळे पंखे बसत गेले, खोली एकदम गप्प झाली. बुटकी म्हणाली, 'सर, फेरी चालू होती!' सरांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, 'कुठला डोळा?'

मी म्हटलं, 'डावा.'

त्यांनी कागद घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. माझी कल्पना होती की ते ओरडतील. ते एवढंच म्हणाले, 'चला, दोघीही चला.'

दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून तासभर बसवलं. आधी मला घेतलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर भाजल्याचा व्रण आहे, बरोबर मध्यावर. डाग थोडा विरळ होईल, पण जाणार नाही. पसरणारही नाही. उजवा डोळा साफ आहे, तो याच्यामुळे जाणार नाही. महिनाभर मी ज्याला घाबरत होते ते एवढ्या दोन वाक्यांत संपलं. मी रडायला लागले, डॉक्टरीणबाईंना वाटलं डाव्यासाठी रडते.

मग बुटकीला घेतलं. ती हसत हसत गेली, 'माझं काय बघणार?' म्हणत. दार बंद झालं. बराच वेळ उघडेना. मला तेव्हाच कळलं, आत्या. सर उठून दारापाशी जाऊन उभे राहिले, त्यांनाही कळलं होतं.

तिच्याही आहे. उजव्या डोळ्यात, मध्याच्या जरा बाजूला, म्हणून तिला अजून कळलं नव्हतं. दोन-तीन दिवस वाचताना डोळा चुरचुरतोय म्हणत होती, झोप झाली नाही म्हणाली. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हे ताजं आहे. तुमचं जुनं, त्यांचं ताजं. आठवडाही नाही झालेला.

दुसऱ्या दिवशी सरांनी चष्मा लावून, लेझर अगदी मंद करून, कॅमेऱ्याने शोध घेतला. किरणातला थोडासा भाग मोजण्यासाठी बाजूला काढणारी एक पातळ काच आहे, तिच्या पकडीचा स्क्रू ढिला झाला होता आणि काच मागे कलली होती. मी कार्ड घेऊन टेबलाच्या पातळीवर शोधत होते. तो तिरका वर चढत होता आणि कडेवरून बाहेर पडत होता. पुठ्ठा उभा केला होता बरोबर तिथून.

पुठ्ठा तिथे नव्हता. भिंतीला टेकवून ठेवलेला होता, आणि मान खाली घालून चालणाऱ्या मला ते दिसलंही नव्हतं.

बुटकीने काढला होता. मी जेवायला गेले असताना तिला एक आरसा नीट करायचा होता, पुठ्ठा हाताच्या आड येत होता. धुळीसाठी लावलेला पुठ्ठा. तिने काढला आणि सरळ उभी राहिली.

तिला अजून माहीत नाही की मला माहीत होतं. तिला वाटतं आम्हा दोघींना एकदमच लागलं. मला रोज म्हणते, 'बरं झालं आपण दोघी आहोत.' आत्या, मी काय करू?

भिंगरी


५ एप्रिल

भिंगरे,

शिव्या घातल्यास ते बरं केलंस. माझं खोटं पत्र मी मुद्दाम छान लिहिलं होतं. तुला कळलं असतं तर तू सरांच्या हाताआधी टपालावर हात टाकला असतास. मी तुला ओळखते.

पण मलाही एक सांगायचंय. तुझं पत्र मिळालं त्या दिवशीच मी कागद घेऊन बसले होते. लिहिलं नाही. वचन, वचन करत दोन दिवस घरात फिरले. डेपोत गेले, पोरांना गाडी शिकवली, परत आले. मग लिहिलं. त्या पोरीला केव्हा लागलं ते डॉक्टरीणबाईंनाही नेमकं सांगता येणार नाही, पण तो हिशेब मी रोज करते. म्हणजे तू एकटी नाहीस, एवढंच सांगते. त्याने तुझं काही हलकं होणार नाही.

तिला सांग. आजच. तिच्या तोंडावर सांग, चिठ्ठी लिहू नकोस. सर सांगतील याची वाट बघू नकोस. ती रागावेल. रागावू दे. ती कायमची तोंड फिरवेल असंही होईल, आणि तसं झालं तर मी तुला 'येईल गं परत' म्हणणार नाही, कारण मला ते माहीत नाही.

पण तिला 'बरं झालं आपण दोघी आहोत' असं आणखी एक दिवस म्हणू देऊ नकोस. ते ऐकून घेणं वाईट आहे.

मी दादाला काही बोललेले नाही. ते तुझं तू ठरव.

आत्या


१२ एप्रिल

प्रिय आत्या,

सांगितलं.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी. आमच्या हॉस्टेलच्या जिन्यात ती बसली होती, पुस्तक डाव्या डोळ्याने वाचायचा सराव करत. मी शेजारी बसले आणि सुरुवातीलाच म्हटलं, 'मला माहीत होतं.' ती म्हणाली, 'काय?' मग मी पहिल्यापासून सांगत गेले. आकडा दिसेनासा झाला ती दुपार, कार्ड, पुठ्ठा. माझा आवाज इतका बारीक झाला होता की ती दोनदा म्हणाली, 'मोठ्याने बोल.'

सगळं ऐकून ती पहिली काय म्हणाली असेल? 'तू मला टेबलाजवळ येऊ देत नव्हतीस, तेव्हा मला वाटायचं तुला माझं काम आवडत नाही. मी घरी तसं कळवलंही होतं.'

वरच्या मजल्यावर कोणी बादली भरत होतं, ती भरून वाहिली तरी नळ बंद होईना. ती म्हणाली, 'पुठ्ठ्यावर नुसतं "काढू नको" लिहिलं असतंस तरी मी काढला नसता गं. कारणही विचारलं नसतं.'

'चुकले,' म्हटलं. तो शब्द फार लहान वाटला. ती रडली नाही. मला वाटलं होतं ती ओरडेल, उठून जाईल. ती पुस्तक मिटून मांडीवर धरून बसली होती आणि उजवा डोळा मिटून, नुसत्या डाव्याने पायरीची कड दिसते का ते पुन्हा पुन्हा बघत होती. मग मला कळलं की ती माझ्यावर रागावण्याआधी घाबरलेली आहे. जशी मी होते. महिनाभर मी त्या खोलीत एकटी घाबरले होते, आणि ती आत्ता, माझ्याशेजारी बसून, नव्याने घाबरत होती.

'दुसरा डोळा जाणार नाही,' मी म्हटलं. 'मी विचारलंय त्यांना. दोनदा.'

'नक्की?'

'नक्की.'

तिने मान हलवली. मग म्हणाली, 'आईला अजून सांगितलेलं नाही. रोज ठरवते आणि फोनपाशी जाऊन परत येते. आई आधी विचारेल, कसं झालं. मला माहीतच नव्हतं कसं झालं. आता माहीत झालं.' ती उठली. 'चल.'

व्हरांड्यात फोन आहे. तिने क्रमांक फिरवला, मी भिंतीला टेकून उभी. मला वाटलं धीर द्यायला बोलावलंय. पलीकडे घंटा वाजत होती ती मलाही ऐकू येत होती. तिकडून फोन उचलला गेला तसा तिने तो कानापासून काढला आणि माझ्यापुढे धरला. 'तू सांग,' म्हणाली. रागाने नाही. तिला ते जमत नव्हतं आणि मला जमायला हवं होतं, एवढंच.

तिची आई दोनदा 'हॅलो, हॅलो' म्हणाली. हसतच म्हणाली, लेकीचा फोन म्हणून. आत्या, त्या डागाची, त्या खोलीची, कशाचीच मला एवढी भीती वाटली नव्हती. बुटकी समोरच उभी होती, माझ्याकडे बघत, डावा डोळा माझ्याकडे करून.

मी आधी माझं नाव सांगितलं. मग बाकीचं.

भिंगरी